पणजीचं माहेर आयर्लंडमध्ये: जन्म आणि लग्नाच्या नोंदींवरून पूर्वज कसे शोधायचे

आयर्लंडमधले पूर्वज शोधायचे म्हटलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं, "तिकडचं काही मिळायचं नाही, सगळं जळून गेलं." माझ्या सुनेच्या माहेरी हे वाक्य तीन पिढ्या चालत आलं होतं. सून बॉस्टनची. तिच्या आईची आजी ब्रिजेट आयर्लंडमधल्या केरी काउंटीतून, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातून, अमेरिकेला आली, एवढंच घरात माहीत. नातवाला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, तेव्हा आमच्या बाजूची नावं कुलवृत्तांत उघडून अर्ध्या तासात लिहून झाली. त्याच्या आईच्या बाजूला मात्र ब्रिजेटपर्यंतच्या चौकटी आणि त्यावर कोरा कागद. तो कोरा कागद मला बघवेना, म्हणून मी हे शिकायला घेतलं. पुण्यात बसून, बहुतेक सगळं फुकट. आज ब्रिजेटचे आईवडील आणि दोन्हीकडचे आजोबा सापडले आहेत. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी ती वाट इथे लिहिते आहे.

काय जळलं, काय राहिलं

३० जून १९२२. आयर्लंडमध्ये यादवी नुकतीच पेटली होती. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या वास्तूत सरकारी दप्तरखाना होता. तिथे स्फोट झाला, आग लागली आणि शतकानुशतकांचं दप्तर राख झालं. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचा जवळजवळ सगळा भाग गेला, मृत्युपत्रं गेली आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद तर त्याआधी सरकारनेच नष्ट केले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडची घरोघरची जनगणना आज जवळपास नाहीच.

पण "सगळं जळालं" हे खोटं आहे, आणि ते मनातून काढल्याशिवाय कामाला लागू नका. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी त्या इमारतीत नव्हतीच. ती सुखरूप आहे. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या त्या त्या गावच्या चर्चमध्येच होत्या, त्याही राहिल्या. देशातले बहुसंख्य लोक कॅथलिक होते. जे जळालं ते मोठं होतं, पण सामान्य शेतकऱ्याच्या लेकीचं नाव जिथे लिहिलेलं असायचं, ती दोन दप्तरं वाचली आहेत.

दोन तारखा पाठच करून टाका. १ एप्रिल १८४५ पासून कॅथलिकेतर लग्नांची सरकारी नोंद सुरू झाली. १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, मृत्यू आणि लग्नं नोंदली जाऊ लागली. तुमचा माणूस १८६४ नंतर जन्मला असेल तर आधी सरकारी नोंद, त्यापूर्वीचा असेल तर चर्चची वही.

सुरुवात आयर्लंडमध्ये करू नका

मन लगेच आयर्लंडच्या संकेतस्थळावर धावतं. मीही तेच केलं आणि पहिले दोन आठवडे वाया घालवले. "ब्रिजेट सलिव्हन, केरी" असं टाकलं तर इतक्या ब्रिजेट पुढे आल्या की डोकं चालेना. ज्या देशात माणूस मेला तिथून सुरुवात करायची. तिथल्या कागदांमधून चार गोष्टी हाती आल्या पाहिजेत: अंदाजे जन्मसाल, धर्मपंथ, आईवडिलांची नावं आणि काउंटीच्या पलीकडे जाणारा एखादा गावाचा उल्लेख.

अमेरिकेत गेलेल्यांसाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती लग्नाची नोंद. बॉस्टन ज्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८४१ पासून राज्यभर नोंदणी आहे आणि लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं लिहिलेली असतात, बहुतेक वेळा आईच्या माहेरच्या आडनावासकट. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि साल, देशात आल्याचं साल आणि लग्नाला किती वर्षं झाली, हे सगळं विचारलेलं आहे. १९०६ नंतर नागरिकत्व घेतलं असेल तर त्या अर्जात जन्मतारीख आणि जन्मगाव सापडू शकतं. हे सगळं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं उघडून विनामूल्य बघता येतं. अमेरिकेतल्या मृत्यूच्या दाखल्यावरही आईवडिलांची नावं असतात, पण ती सांगणारा मुलगा किंवा जावई आपल्या आज्याचं नाव ऐकीव सांगतो, हे लक्षात ठेवा.

बॉस्टनचा संबंध असेल तर आणखी एक जागा बघा. 'बॉस्टन पायलट' या वृत्तपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या शोधाच्या जाहिराती येत. अमुक पॅरिशची (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट), अमुक साली आलेली बहीण कुठे आहे, कळवा. अशा जाहिरातीत गावाचं नाव सहज येऊन जातं. त्या वाचताना मला कितीदा थांबावं लागलं. १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळात घर सोडलेली, एकमेकांचा पत्ता हरवलेली भावंडं आहेत ती.

घरच्या गोष्टीही लिहून काढा. जुन्या पत्राचं पाकीट, प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावरची नावं, थडग्यावरचा मजकूर. सुनेच्या मावशीकडे एक पत्र होतं, त्यात "केनमेअरचा बाजार" असा उल्लेख होता. केनमेअर हे केरीतलं बाजाराचं गाव. सगळं काम पुढे त्या एका शब्दावर उभं राहिलं.

गाव म्हणजे नेमकं कोणतं

आपल्याकडे जिल्हा, तालुका, गाव, वाडी अशी उतरंड आहे. आयर्लंडमध्ये उतरंडी अनेक आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. हे समजून घेतलं नाही तर बरोबर नोंदही चुकीची वाटते.

एकूण ३२ काउंट्या. सर्वांत लहान एकक म्हणजे टाउनलँड. नावात 'टाउन' आहे म्हणून शहर समजू नका. आपल्या वाडीसारखं किंवा शिवारासारखं ते, कधी दोन-चार घरांचंही. असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि लोकांचा पत्ता तोच. एकच नाव अनेक काउंट्यांत सापडतं, कारण नावं जमिनीवरून आणि देवळांवरून पडलेली आहेत. 'किल' म्हणजे चर्च, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'बॅली' म्हणजे वस्ती, 'डेरी' म्हणजे ओकची राई. किलमोर म्हणजे मोठं चर्च, आणि किलमोर किती आहेत ते विचारू नका.

मग पॅरिश. एक सरकारी पॅरिश, एक कॅथलिक पॅरिश. नावं वेगळी, हद्दी वेगळ्या. चर्चची वही बघायची तर कॅथलिक पॅरिश कोणती ते कळायला हवं.

तिसरं, सरकारी जन्म-विवाह नोंदणीचा जिल्हा. गरिबांच्या मदतीसाठी १८३८ च्या कायद्याने जे विभाग पाडले होते, ज्यांना पुअर लॉ युनियन म्हणत, त्यांच्याच हद्दी नोंदणीसाठी वापरल्या. विभागाला बाजाराच्या मोठ्या गावाचं नाव असे आणि हद्द काउंटीची रेषा ओलांडून जाई. क्लॉनमेल विभागात टिपररी आणि वॉटरफर्ड दोन्ही काउंट्यांची गावं येतात. तेव्हा "आमचे लोक वॉटरफर्डचे, ही नोंद तर क्लॉनमेलची" म्हणून ती बाजूला टाकू नका.

ठिकाणांची नावं तपासायला लॉगेनम हे आयर्लंडचं सरकारी स्थलनामांचं संकेतस्थळ उत्तम आहे. टाउनलँडचं नाव टाकलं की काउंटी, सरकारी पॅरिश आणि आयरिश भाषेतलं मूळ नाव मिळतं. मी एका वहीत तीन रकाने आखले: टाउनलँड, कॅथलिक पॅरिश, नोंदणी जिल्हा. प्रत्येक नव्या नोंदीपुढे तिन्ही भरायचे. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय पुढे जाऊ नका.

जन्माच्या नोंदीची एक ओळ

आता आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर या. 'सिव्हिल रेकॉर्ड्स' हा भाग उघडा. शोध घेण्यापूर्वी तुमचं स्वतःचं नाव टाकायला सांगतात. दचकू नका, अर्जदार म्हणून ते लागतं. पैसे लागत नाहीत. १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू इथे खुले आहेत आणि मूळ नोंदवहीच्या पानाचं चित्र बघायला मिळतं.

नाव, आडनाव, नोंदणी जिल्हा आणि सालाची मर्यादा टाका. साल कधीच एक टाकू नका, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वर्षं मोकळी ठेवा. यादीतलं नाव निवडलं की अख्खं पान उघडतं. एका पानावर दहा जन्म असतात, त्यातून आपली ओळ शोधायची.

ती ओळ कशी वाचायची ते सांगते, कारण खरा खजिना तिथेच आहे. डावीकडे क्रमांक, मग जन्माची तारीख आणि ठिकाण. हे ठिकाण बहुतेक वेळा टाउनलँड असतं. मग बाळाचं नाव, मुलगा की मुलगी, वडिलांचं नाव आणि राहण्याचं ठिकाण. त्यापुढचा रकाना आईचा: आताचं आडनाव आणि 'फॉर्मर्ली' या शब्दापुढे माहेरचं आडनाव. मग वडिलांचा व्यवसाय. त्यानंतर खबर देणाऱ्याची सही, त्याचं नातं आणि पत्ता. आपल्याकडच्या कोतवाल बुकात असतो तसाच हा खबर देणाऱ्याचा रकाना. शेवटी नोंदणीची तारीख आणि निबंधकाची सही.

ब्रिजेटच्या ओळीत खबर देणारी तिची आई आहे. सहीच्या जागी तिचं नाव निबंधकाच्या अक्षरात आणि मध्ये एक लहानशी फुली. बाकी पान कारकुनी, एकसारखं, सफाईदार. ती फुली मात्र वाकडी, टाक दाबून काढलेली, एका टोकाला शाई साचलेली. ती बघितल्यावर मी सुनेला मध्यरात्री फोन लावला. तिच्याकडे दुपार होती.

एक गोम इथेच सांगून ठेवते. जन्म मुदतीत नोंदवला नाही तर दंड होता. नोंदणीच्या गावाला जायचं म्हणजे गरीब माणसाचा एक दिवस मोडायचा. म्हणून उशीर झालेले लोक जन्मतारीखच पुढे सरकवून सांगत. बाप्तिस्मा, म्हणजे बाळाला चर्चमध्ये ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, मात्र जन्मानंतर एक-दोन दिवसांत व्हायचा. त्यामुळे चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची तारीख सरकारी जन्मतारखेच्या आधीची निघाली तर गोंधळू नका. माणूस तोच असतो. अशा वेळी मी चर्चची तारीख खरी धरते. काही जन्म सुरुवातीच्या वर्षांत नोंदलेच गेले नाहीत, त्यामुळे एक भावंड मिळालं नाही तर दुसऱ्या भावंडाची नोंद शोधा. आईवडील तेच, माहेर तेच.

माहेरच्या आडनावावरून लग्नाकडे

सगळ्या शोधाची किल्ली आईच्या माहेरच्या आडनावात आहे. वडिलांच्या नावाने शोधलंत तर पॅट्रिक, जॉन आणि मायकल यांच्या गर्दीत हरवाल. आईचं माहेर कळलं की जोडपं पक्कं होतं. मग त्या जोडप्याचं लग्न शोधायचं. लग्नाच्या नोंदीत वराच्या वडिलांचं आणि वधूच्या वडिलांचं नाव मिळतं. म्हणजे एका जन्माच्या नोंदीवरून लग्नाला, लग्नावरून मागच्या पिढीला. मग त्या पिढीतला जन्म किंवा बाप्तिस्मा, पुन्हा माहेर, पुन्हा लग्न. जिन्यासारखं चढायचं, पायरी सोडायची नाही.

लग्न कुठे शोधायचं? रिवाज असा की लग्न वधूच्या पॅरिशमध्ये लागे. मुलं मात्र नवऱ्याच्या गावी जन्मत. मुलांच्या गावी लग्न सापडलं नाही की लोक हात टेकतात. शेजारच्या पॅरिशमध्ये, शेजारच्या नोंदणी जिल्ह्यात बघा. तिचं माहेर तिथे आहे.

कधी शोधायचं? पहिल्या अपत्याच्या जन्मापासून मागे वर्ष-दोन वर्षं. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं नसतात, तसं तिकडे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत लग्नं लागत नसत. त्यामुळे तो उपवास सुरू होण्याआधी लगीनघाई असे. खेड्यापाड्यातली कितीतरी लग्नं फेब्रुवारीतली आहेत.

नोंदीत काय वाचायचं: तारीख, दोघांची नावं, वय, आधीची वैवाहिक स्थिती, व्यवसाय, लग्नावेळचा पत्ता, दोघांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय, खाली चर्चचं नाव आणि साक्षीदार. वयाच्या रकान्यात पुष्कळदा आकडा नसतोच, 'फुल' एवढाच शब्द असतो. त्याचा अर्थ २१ पूर्ण. नवरी २२ ची असेल किंवा ४० ची, कळत नाही. आईचं नाव लग्नाच्या नोंदीत नाही, ते पुन्हा जन्मावरून मिळवायचं. साक्षीदारांची नावं कधीही वगळू नका. बहुतेक वेळा ते वराचा भाऊ आणि वधूची बहीण असतात.

जोडपं खरंच एकमेकांचं आहे ना, याची जुनी आणि खात्रीची परीक्षा आहे. सूचीत वराचं नाव शोधा, मग वधूचं नाव वेगळं शोधा. जिल्हा, साल, खंड आणि पान क्रमांक दोन्हीकडे तंतोतंत एक निघाले पाहिजेत. मग मूळ पान उघडून बघा.

मृत्यूच्या नोंदीवर या कामात फारसा भर देऊ नका. आयर्लंडच्या त्या काळच्या मृत्यूच्या नोंदीत आईवडिलांची नावं नसतात.

एकाच नावाच्या तीन मुली

केनमेअर भागात सलिव्हन आडनावाची इतकी घरं आहेत की ओळखायला घराण्यांना टोपणनावं पडली होती, आणि कधी कधी ती नोंदवहीतही येतात. मला पाच वर्षांच्या पट्ट्यात तीन ब्रिजेट सलिव्हन मिळाल्या, तिघींच्याही वडिलांचं नाव जॉन. मी वयाला सर्वांत जुळणारी निवडली आणि दोन महिने तिच्या मागे वर चढत गेले. मग मॅसॅच्युसेट्समधल्या लग्नाच्या नोंदीचं मूळ पान नीट मोठं करून वाचलं. आईचं माहेरचं आडनाव वेगळं होतं. त्या दोन महिन्यांत काढलेली सगळी नावं खोडावी लागली. ते दुसऱ्याच कुणाचे पूर्वज होते.

म्हणून नियम सांगते. एकाच नावाचे जितके उमेदवार मिळतील तितक्यांची यादी करा आणि प्रत्येकाला कागदाच्या आधारे बाद करा. एक बालपणी वारली का? मृत्यूची नोंद बघा. दुसरी १९०१ मध्ये आयर्लंडमध्येच नांदत होती का? जनगणना बघा. उरली ती तुमची. वयाच्या जुळणीवर भिस्त ठेवू नका. त्या काळी लोकांना आपलं वय नेमकं माहीत नसे आणि सांगायची गरजही पडत नसे. १ जानेवारी १९०९ पासून ७० वर्षांवरच्यांना पेन्शन मिळू लागली, तेव्हा १९०१ च्या जनगणनेत ५६ चा असलेला माणूस १९११ मध्ये ७१ चा झालेला दिसतो. पेन्शनसाठी वयाचा पुरावा म्हणून अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत नावं शोधत. ते दप्तर पुढे जळालं, पण शोधाचे अर्ज वाचले. ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि त्यांत १८५१ च्या घरातली माणसं सापडू शकतात.

नावांच्या रूपांबद्दलही मन मोकळं ठेवा. 'ओ' आणि 'मॅक' कधी लागतात, कधी गळतात. सलिव्हन आणि ओसलिव्हन एकाच घरात सापडतील. ब्रिजेटची ब्रायडी, बिडी किंवा डेलिया होते. होनोराची नोरा, हॅना. आपल्याकडे सोनूबाईची शाळेत सुवर्णा होते, तसंच ते. संकेतस्थळाने एक रूप दिलं नाही की दुसरं टाकून बघा.

आणखी एक खूण. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. आज्याचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांना हे परकं वाटणार नाही. पुरावा म्हणून हे पुरेसं नाही, पण कुठे शोधायचं ते सुचवतं. दोन मुलांना एकच नाव दिसलं तर पहिलं बाळ गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

चर्चची वही आणि लॅटिन

१८६४ च्या मागे जायचं तर कॅथलिक पॅरिशच्या वह्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांची मायक्रोफिल्म काढून ठेवली होती. जुलै २०१५ मध्ये ती सगळी चित्रं विनामूल्य खुली झाली. साधारण १८८० पर्यंतच्या नोंदी आहेत. नकाशावर काउंटी, मग पॅरिश, मग बाप्तिस्मा की विवाह, मग महिना निवडायचा. नाव टाकून शोधायची सोय तिथे नाही, पान उलटत वाचायचं. नावांची सूची हवी असेल तर फाइंडमायपास्ट, अँसेस्ट्री आणि रूट्स आयर्लंड या संकेतस्थळांवर आहे. रूट्स आयर्लंडला पैसे लागतात, पण काही काउंट्यांसाठी तेच सर्वांत भरवशाचं. केरी, कार्लो, डब्लिन शहर आणि कॉर्कचा दक्षिण-पश्चिम भाग यांच्या चर्चनोंदींची सूची मात्र आधी सांगितलेल्या आयरिश जीनिऑलॉजी संकेतस्थळावरच फुकट आहे. आमची ब्रिजेट केरीची, हे आमचं भाग्य.

वह्या कुठून सुरू होतात ते पॅरिशगणिक बदलतं. शहरांत अठराव्या शतकातल्याही मिळतात. पश्चिमेकडच्या गरीब भागांत पुष्कळ वह्या १८२० नंतरच्या, काही तर दुष्काळाच्या आसपासच्या. तुमच्या पॅरिशची वही कोणत्या सालापासून आहे, हे आधी बघून घ्या, म्हणजे नसलेलं शोधत बसणार नाही.

लॅटिनची भीती बाळगू नका. मोडी शिकायला जेवढे दिवस लागतात, त्याच्या दहाव्या भागात हे जमतं. बाप्तिस्म्याच्या ओळीत तारीख, बाळाचं नाव, मग 'फिलियस' म्हणजे मुलगा किंवा 'फिलिया' म्हणजे मुलगी, वडिलांचं नाव, 'एत' म्हणजे आणि, आईचं नाव बहुतेक वेळा माहेरच्या आडनावासह, शेवटी दोन धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याला उभे राहिलेले गॉडपेरेंट्स. लग्नात 'तेस्तिबुस' या शब्दापुढे साक्षीदार. जेम्स हा याकोबुस होतो, विल्यम हा गुलिएल्मुस, जॉन हा योहानेस. आडनावं बहुधा इंग्रजीतच राहतात.

फक्त शेवट बदलतात, आणि ते मराठी माणसाला लगेच उमगतं. आपण गणेश म्हणतो आणि गणेशाचा म्हणतो, तसंच याकोबुसचं 'जेम्सचा' म्हणताना याकोबी होतं. तेव्हा 'याकोबी' हे नवीन नाव नाही, विभक्ती लागलेला जेम्स आहे. धर्मपालकही लिहून घ्या. ते मामा, आत्या, चुलतभाऊ असतात आणि पुढे एखाद्या अडलेल्या जागी तेच वाट दाखवतात.

लग्नाच्या नोंदीत 'कॉन्सांग्विनितास' असा शब्द आणि कुठला तरी अंश लिहिलेला दिसला तर वर-वधू एकमेकांचे नातेवाईक होते आणि चर्चकडून सूट घेतली होती. त्या एका शब्दावरून दोन घराणी मागे कुठेतरी एक होतात.

प्रॉटेस्टंट घराणं असेल तर चर्च ऑफ आयर्लंडच्या वाचलेल्या वह्यांसाठी डब्लिनचं रिप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी ग्रंथालय बघा. क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकापासून फार नेटकं दप्तर ठेवलं आहे.

जनगणना कशी वापरायची

१९०१ आणि १९११ या दोन जनगणना मात्र पूर्ण आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य. पहिली ३१ मार्च १९०१ ची, दुसरी २ एप्रिल १९११ ची. तुमचा माणूस तोवर परदेशी गेलेला असला तरी मागे राहिलेले आईवडील बघा. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांना तीन प्रश्न विचारले होते: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. पहिल्या उत्तरावरून लग्नाचं साल काढता येतं. ब्रिजेटच्या आईपुढे अकरा आणि सात असे आकडे आहेत. सातपैकी एक बॉस्टनमध्ये होती.

१८६४ च्या मागे, जनगणना नाही तिथे, ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन नावाची जमीन-घरांची मूल्यमापन यादी वापरा, १८४७ ते १८६४ मधली. प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन किंवा घर कोणाकडे होतं, मालक कोण, खंडकरी कोण, हे त्यात आहे आणि नकाशेही आहेत. फक्त घरातल्या प्रमुखाचं नाव असतं, कुटुंब नाही. एखादं आडनाव त्या वाडीत होतं की नाही, एवढं मात्र ठरवता येतं.

उत्तर आयर्लंड

अँट्रिम, आर्मा, डाउन, फर्मॅना, डेरी आणि टिरोन या सहा काउंट्या आता उत्तर आयर्लंडमध्ये आहेत. १९२१ पर्यंतच्या त्यांच्या नोंदी आयरिश जीनिऑलॉजी या आधीच्याच संकेतस्थळावर मिळतात. त्यानंतरच्यांसाठी उत्तर आयर्लंडच्या महानिबंधकांचं वेगळं संकेतस्थळ आहे, तिथे प्रत्येक नोंद बघायला पैसे लागतात. प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या वह्यांसाठी बेलफास्टचं सार्वजनिक अभिलेखागार.

पुण्या-मुंबईत राहिलेले आयरिश

इथल्या वाचकांपैकी कुणाच्या घरात, शेजारात किंवा सासरी आयरिश आडनाव असेल तर वाट थोडी वेगळी आहे, पण ती आपल्याच गावातून जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश लष्कराच्या सैन्यात आयरिश शिपाई फार मोठ्या संख्येने होते. मुंबई इलाख्यातली कंपनीची गोरी पलटण पुढे रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये तिचंच नाव रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन असं पडलं. पुणे, खडकी, देवळाली, कुलाबा इथल्या छावण्यांत ही माणसं राहिली, इथे लग्नं केली, इथे मुलं झाली.

त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगालसाठी एन १, मद्राससाठी एन २, मुंबईसाठी एन ३ अशी मालिका आहे आणि ती फाइंडमायपास्टवर बघता येते. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेची सूची मात्र विनामूल्य आहे, तिथून सुरुवात करा. छावणीतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा हुद्दा आणि पलटण लिहिलेली असते. ती पलटण टिपून घ्या.

मग त्या शिपायाचे निवृत्तीचे कागद. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत पेन्शन मिळालेल्या शिपायांची कागदपत्रं आहेत. त्यांच्या पहिल्याच पानावर जन्माची पॅरिश, जवळचं गाव आणि काउंटी असा छापील साचा असतो आणि मोकळ्या जागी कारकुनाने नावं भरलेली असतात. कारकून इंग्रज, उच्चार आयरिश, त्यामुळे गावाचं स्पेलिंग कसंही असेल. ते मोठ्याने वाचा, 'किल', 'बॅली', 'नॉक' सुटं करा आणि लॉगेनमवर टाकून बघा. पॅरिश सापडली की राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नकाशावर तिथली वही उघडा आणि शिपायाच्या वयावरून काढलेल्या सालाच्या तीन वर्षं आधीपासून पानं वाचायला घ्या.